पहिली फौज कुठली घ्यावी? बेळगावात वॉरहॅमर सुरू करणाऱ्यासाठी

दिवाळीत भाचा खानापूरहून आला आणि चहा व्हायच्या आधीच म्हणाला, "मामा, सोनेरी घेऊ का हिरवे घेऊ?" सोनेरी म्हणजे कस्टोडीज, हिरवे म्हणजे ऑर्क, वॉरहॅमर या टेबलावरच्या लढाईच्या खेळातल्या दोन फौजा. अंगणात माझ्या लेकीनं केलेला किल्ला होता. उतारावर अळीव उगवून आलेले, पायऱ्यांवर मातीचे मावळे. आणि महादरवाजात, भाल्याऐवजी गॉस बंदूक धरून, माझा एक नेक्रॉन (त्याच खेळातला धातूचा सांगाडा) उभा! "पहारेकरी कमी पडला होता," हे तिचं स्पष्टीकरण. मी काही बोललो नाही. गेल्या पावसाळ्यापासून कपाटाबाहेर पडलेला माझा तो एकमेव सैनिक होता.

भाच्याला द्यायचं उत्तर एका कपात मावेना, म्हणून इथं लिहितो. त्याच्यासारखे आणखी चार-पाच जण टिळकवाडीत नि निपाणीत असणारच.

खेळ सगळ्यांना ठाऊक आहे असं धरतो, तरी दोन वाक्यं. वॉरहॅमर ४०,००० हा इंग्लंडच्या गेम्स वर्कशॉप कंपनीचा, १९८७ साली आलेला खेळ. प्लास्टिकचे सुटे भाग कापायचे, चिकटवायचे, रंगवायचे, मग टेबलावर मांडून फाशांनी लढायचं. प्रत्येक तुकडीला गुण, म्हणजे तिची किंमत, ठरलेले असतात. पूर्ण लढाई २००० गुणांची, अर्धी १००० ची. खाली जे आकडे देतोय ते २०२३ च्या दहाव्या आवृत्तीतले. गुण मात्र कंपनी अधूनमधून बदलत राहते. तेव्हा "सध्या हीच फौज सगळ्यांत भारी" असं कुठं ऐकून डबा मागवू नका. डबा येऊन रंगवून होईपर्यंत ते भारीपण गेलेलं असतं.

मोठ्या शहरात दुकानातच टेबल असतं, शनिवारी चार खेळाडू जमतात. आपल्याकडं टेबल आपण करायचं, पडकी घरं नि टेकड्या आपण करायच्या, आणि समोर बसणारा माणूसही आपणच तयार करायचा. त्यामुळं "कुठली फौज जिंकते" यापेक्षा "कुठली फौज माझ्या हातून रंगून पुरी होईल आणि तिच्यातली अर्धी मित्राला देता येईल" हा प्रश्न बेळगावात जास्त कामाचा. मी ही तुलना त्याच मापानं केली आहे. स्पर्धा खेळायला पुण्या-बेंगळूरला जाणाऱ्यानं दुसरं कुणाचं तरी वाचावं.

आधी फाशांचा हिशोब

डब्यावरचं चित्र बघून भुलायच्या आधी एक प्रयोग करा. पाच स्पेस मरीन (चिलखतातले सैनिक), त्यांतले इंटरसेसर प्रकारचे, उभे आहेत. प्रत्येकाच्या बोल्ट रायफलीच्या दोन गोळ्या, म्हणजे दहा फासे. तीन किंवा जास्त पडलं की नेम लागला, म्हणजे दहांतले सहा-सात लागतात. जादाचे नियम बाजूला ठेवू. आता या सहा-सात गोळ्या कुणावर जातात ते बघा.

समोर ऑर्क बॉइज (त्यांचं साधं पायदळ) असतील तर त्यांचा टफनेस, म्हणजे चिवटपणाचा आकडा, पाच, बोल्टची ताकद चार, म्हणून पाच-सहा पडलं तरच जखम. दोन-सव्वादोन जखमा होतात. चिलखत पाचाचं, म्हणजे पाच किंवा जास्त पडलं तर जखम अडते; बोल्टपुढं ते सहाचं होतं, म्हणजे असून नसून सारखं. दोघे पडतात. दहांतले आठ ओरडत पुढं येतच राहतात.

समोर नेक्रॉन वॉरियर असतील तर टफनेस चार, अर्ध्या गोळ्यांनी जखम होते. चिलखत थोडं अडवतं, तरी दोघे पडतात. मग नेक्रॉनवाल्याची पाळी येते. त्याच्या कमांड फेजच्या, म्हणजे पाळीतल्या पहिल्या टप्प्याच्या, शेवटी प्रत्येक तुकडी डी-थ्री टाकते आणि एक ते तीन जण पुन्हा उठून उभे राहतात. सरासरी दोन. म्हणजे मित्रानं दहा फासे टाकून जे कमावलं ते सगळं परत रांगेत. त्या वेळचा मित्राचा चेहरा बघण्यासारखा असतो.

आणि समोर कस्टोडियन गार्ड असतील तर? टफनेस सहा, जखमा दोनच्या आसपास. चिलखत दोनाचं, बोल्टपुढं तिनाचं. दोनांतली एखादीच आत जाते, कधी तीही नाही. आणि एकेक गडी तीन जखमा झेलतो. थोडक्यात, कुणाच्या केसाला धक्का लागत नाही.

एवढं वाचून भाचा म्हणणार, मग कस्टोडीजच. थांब जरा.

सोनेरी आणि हिरवे

कस्टोडीज घेण्याचं खरं कारण म्हणजे मोजके नग. २००० गुणांची फौज तीसेक सैनिकांत उभी राहते, कधी त्याहूनही कमी. सोनेरी स्प्रे, वरून तपकिरी वॉश (खाचांत उतरणारा पातळ रंग), झग्याला लाल रंग, भाल्याच्या पात्याला थोडी नजाकत, झालं. दिवसभर नोकरी करून रात्री दहाला ब्रश उचलणाऱ्याला हे परवडतं.

पण खेळताना तीच गोष्ट अंगावर येते. लढाई पाच फेऱ्यांची असते, आणि टेबलावरच्या खुणा ताब्यात ठेवल्याचे जिंकण्याचे वेगळे गुण मिळतात. खुणा बहुधा पाच-सहा, तुमच्या तुकड्या जेमतेम तेवढ्याच. एक तुकडी चुकीच्या कोपऱ्यात गेली की तिची जागा घ्यायला दुसरी नाही. एक गार्ड पडला की चाळीसच्या आसपास गुण गेले. नवख्याचा हात चुकणारच, आणि ही फौज चूक माफ करत नाही. त्यातून हजार गुणांच्या फौजेचे दोन भाग करून मित्राला एक दिला तर दोघांकडं मूठमूठभर माणसं. तीन मिनिटांत हलवून होतात, मग दोघं एकमेकांकडं बघत बसतात.

ऑर्क याच्या बरोबर उलट. दहा बॉइज साधारण ऐंशी गुणांना, म्हणजे पायदळावर भर दिला तर पूर्ण फौज सहज शंभरावर जाते. बंदूक चालवली तर तीनांतल्या दोन गोळ्या हवेत. पण अंगावर पोचले की प्रत्येकाचे तीन वार, आणि लढाईत एकदा "वाऽऽऽघ" पुकारला की पळत जाऊन त्याच फेरीत भिडता येतं. हरतानाही हसू येतं, अशी ही एकच फौज.

आणि बनवायला! ऑर्क सगळं भंगारातून करतात, म्हणून तुमचंही काहीच वाया जात नाही. उद्यमबागेत ओळखीचा कुणी लेथवर असेल तर कुरळे लोखंडी तुकडे मूठभर मागून आणा (हातमोजे घाला, बोट कापतं). मोडका खेळण्यातला ट्रक, पेनाची स्प्रिंग, घड्याळाची चक्रं, सगळं ऑर्कच्या गाडीवर शोभतं. त्यांची समजूत अशी की लाल रंगवलेली गाडी जास्त पळते. आपल्या रस्त्यावरचे काही टेम्पोवाले बघितले की वाटतं, समजूत फक्त त्यांचीच नाही.

अडचण एकच: रंगवणं. मी स्वतः वीस बॉइजपर्यंत पोचलो. एकविसाव्याचे दात रंगवताना ब्रश खाली ठेवला, तो आजतागायत. ज्याला हातानं काही करत बसण्यातच मजा येते, त्यानं ऑर्क घ्यावेत. ज्याला खेळायची घाई आहे त्यानं नाही.

निळे आणि खाकी

स्पेस मरीन्सबद्दल फार लिहायला नको. सगळ्यांत जास्त डबे त्यांचे, शिकवणारे व्हिडिओ त्यांचेच, कुणी छंद सोडून विकायला काढलं तर बहुधा तेच मिळतात. नेमबाजी ठीक, हातघाई ठीक, प्रत्येकी दोन जखमा. कशातच कमी नाही, म्हणून शिकायला उत्तम.

एक सूचना मात्र. रंगसंगती आपली आपण ठरवता येते म्हटल्यावर आपल्याकडचा प्रत्येक जण पहिल्यांदा भगवी तुकडी रंगवायला बसतो. मीही बसलो होतो. भगवा काळ्या प्राइमरवर (रंगाआधीच्या पहिल्या थरावर) बसत नाही! पिवळा आणि नारिंगी हे रंग मुळातच कमी झाकणारे. खाली पांढरा किंवा फिका थर द्यायचा, मग पातळ करून तीन-चार हात. जाड एकच हात दिला तर चिलखताच्या रेषा बुजतात आणि मरीन मेणाचा दिसायला लागतो.

अ‍ॅस्ट्रा मिलिटारमचा, म्हणजे साध्या माणसांच्या फौजेचा, मोह आपल्या भागात फार होतो. मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर गावात, घरटी नाही तरी गल्लीत दोन-चार फौजी. साधी माणसं, साधी रायफल, समोर राक्षस, ही गोष्ट आपल्याला भिडतेच. माझ्या सासऱ्यांना सगळ्या फौजांपैकी हीच पटली. "हे बघ, हे खरे जवान," म्हणाले. पण टफनेस तीन, एकच जखम, चिलखत पाचाचं. म्हणजे माणसं शेकड्यानं लागतात आणि वर रणगाडे. खर्च आणि रंगकाम दोन्ही ऑर्कइतकंच, आणि भंगार वापरायची सोय नाही. तिसरी फौज म्हणून घ्या.

माझं मत नेक्रॉनला का

धातूचे सांगाडे आहेत, म्हणून. काळा प्राइमर, चंदेरी रंगाचा ड्रायब्रश (जवळजवळ कोरड्या ब्रशचा हात), वरून काळपट वॉश, बंदुकीला हिरवा. दहा वॉरियर रविवारी सकाळी सुरू केले तर रात्री जेवायच्या आधी उभे. डोळे, चामडं, पट्टे, चेहरे, काही नाही. हात थरथरला तर गंज म्हणून खपतो. वॉरियरच्या एका डब्यात दहा जण आणि वर स्कॅरबच्या (यांत्रिक भुंग्यांच्या) तीन चकत्या येतात, म्हणजे भावाला खेळायला बसवायचं तर निम्मी वाटणी लगेच होते. आणि वर सांगितल्याप्रमाणं पडलेले उठतात, त्यामुळं नवख्याची पहिली चूक शेवटची ठरत नाही.

उणं सांगायचं तर पाय जड. बाकीचे सहा इंच चालतात तिथं वॉरियर पाच. आणि तिसऱ्या महिन्यात चंदेरी बघून कंटाळा येतो, हे खरंय. त्यावर माझा उपाय बेसचा, म्हणजे सैनिकाच्या पायाखालच्या चकतीचा. खानापूरकडची तांबडी माती चहाच्या गाळणीनं गाळायची, तव्यावर कोरडी भाजायची, फेव्हिकॉल लावून बेसवर चिकटवायची. चंदेरी सांगाड्याखाली ती तांबडी माती अशी काही उठून दिसते की विकतच्या टेक्श्चर रंगाची आठवण होत नाही. बायकोला मात्र तवा वेगळा घेऊन द्यावा लागला.

पाऊस, टेबल आणि पैसा

जून ते सप्टेंबर इथं स्प्रे प्राइमर मारू नका. मी एकदा जुलैत, जरा उघडीप आहे म्हणून, गॅलरीत पंधरा जणांवर मारला. हवेतल्या दमटपणानं सगळ्यांवर पिठूळ थर आला, भस्म फासल्यासारखा. घासून काढण्यात आठवडा गेला. पावसाळ्यात ब्रशनं लावायचा प्राइमर वापरा, किंवा नुसतं कापून-चिकटवून ठेवा आणि दसऱ्यानंतर रंगवा. तसंच, पॅकिंगमधून उरलेला थर्माकोल पडक्या इमारतींना झकास, पण त्यावर थेट स्प्रे मारला तर विरघळून खड्डे पडतात. आधी फेव्हिकॉलमध्ये काळा रंग कालवून दोन हात द्यायचे.

टेबलाचं गणित सोपं आहे. पूर्ण लढाईला ६० बाय ४४ इंच लागतात, छोट्या कॉम्बॅट पेट्रोल लढाईला ४४ बाय ३०. आठ बाय चार फुटी प्लायचा एक तक्ता घ्या आणि पाच फुटांवर कापा. मोठा तुकडा पूर्ण लढाईचा, उरलेला तीन बाय चारचा छोट्या लढाईचा. सुतार दुसरं काही विचारणार नाही, फक्त कडा घासून घ्या.

पैशाचं सांगायचं तर एका कॉम्बॅट पेट्रोल डब्याच्या (छोट्या लढाईपुरत्या फौजेच्या) भावात स्वस्तातला मोबाइल येतो. म्हणून दोघांनी मिळून दोन वेगळे डबे घ्यावेत, एकट्यानं नाही. मूळ नियम फुकट उतरवून घेता येतात, जाड पुस्तक पहिल्या वर्षी लागत नाही. होस्टेलवर राहणाऱ्यानं किल टीम हा याच खेळाचा छोटा भाऊ बघावा. २२ बाय ३० इंचांत मावतो, दहाच्या आसपास सैनिक पुरतात.

घरी रेझिनच्या थ्री-डी प्रिंटरवर सैनिक काढणारेही वाढलेत. स्वस्त पडतं, पण वास, हातमोजे, अल्कोहोलनं धुणं, हे सगळं एका खोलीच्या घरात जमणारं नाही. कंपनीच्या स्वतःच्या स्पर्धेत तसले सैनिक चालत नाहीत. घरच्या प्लायवर कोण विचारतंय? आणि डब्याला पैसेच नसतील तर ग्रिमडार्क फ्यूचर नावाचे फुकट नियम आहेत. तिथं सैनिक कुणाचेही चालतात. किल्ल्यावरचे मावळेसुद्धा.

भाच्यानं हे सगळं ऐकून घेतलं, दोन करंज्या खाल्ल्या आणि म्हणाला, "तरी पण मामा, सोनेरी लई भारी दिसतात." मी म्हटलं, घे मग, तुझा पैसा, समोर माझे नेक्रॉन आहेतच. संध्याकाळी तो खानापूरच्या बसला गेला. थोड्या वेळानं अंगणातून लेकीचा आवाज आला, "बाबा, दरवाजातला पहारेकरी कुणी नेला?"