उलट्या बाटलीचा हमिंगबर्ड फीडर: उन्हाळाभर वापरल्यानंतर

मार्चमध्ये याच फीडरला चार स्टार दिले होते. आता दोन, आणि तेही एकाच गोष्टीसाठी. ती पुढे येईल.

मुक्काम सॅन होजे, कॅलिफोर्निया. इथे परसात ॲनाज हमिंगबर्ड बारा महिने असतो, त्यामुळे स्थलांतराची वाट बघावी लागत नाही. फीडर नेहमीचाच: साखरेच्या पाकाची उलटी काचेची बाटली, खाली लाल तबकडी, चार प्लास्टिकची फुलं. घेतला होता फोटोसाठी.

तक्रार गळतीची. सकाळी सगळं ठीक असतं. बाटलीवर ऊन आलं की टपटप सुरू. डेक चिकट, त्यावर मुंग्या, वर मधमाश्या. विक्रेत्याला व्हिडिओ पाठवला. उत्तर आलं, झाकण घट्ट लावा. लावलेलंच होतं. मग त्यांनी नवा वॉशर पाठवला, तोही बसवला. शेवटी म्हणाले, सावलीत टांगा.

सावलीत! मग फोटो कशाचा काढू? नराचं डोकं आणि गळा गुलाबी झळाळतात ते पिसांच्या सूक्ष्म रचनेवरून प्रकाश परततो म्हणून. ऊन आपल्या पाठीशी आणि पक्षी आपल्याकडे तोंड करून असेल तरच ती झळाळी मिळते. सावलीत तोच पक्षी काळपट दिसतो. पंख सेकंदाला चाळीसेक वेळा हलतात. ते गोठवायला शटर १/३२०० सेकंदाच्या आसपास लागतं, आणि सावलीत तेवढं ठेवलं तर आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाला संवेदनशीलता) इतका चढतो की पिसांचा नुसता रवा होतो.

गळतीचा वॉशरशी संबंधच नाही. बाटलीत वर अडकलेली हवा तापली की प्रसरण पावते आणि पाकाला खाली ढकलते. बाटली काठोकाठ भरली तर हवा कमी, म्हणून गळतीही कमी. करून बघितलं, खरंच फरक पडतो. तेव्हा माझं मत बदललं होतं, तीन स्टार लिहायच्या बेतात होतो. पण एवढा पाक पिणार कोण? पक्षी चार-पाच ग्रॅमचा! उन्हाळ्यात पाक एक-दोन दिवसांनी बदलावाच लागतो, नाहीतर आंबतो, बुरशी धरते. एक वाटी साखर, चार वाट्या पाणी (लाल रंग अजिबात नको), आणि त्यातलं निम्म्याहून जास्त सिंकमध्ये. साखर काही महाग नाही, मान्य. तरी ओतून द्यायला हात धजत नाही. आई इथे आली होती तेव्हा तिचाही जीव तुटला. उरलेल्या पाकाचे शंकरपाळे करू का, म्हणाली. पक्ष्यांनी चोची घातलेल्या पाकाचे!

आता ते दोन स्टार. बसायची कडी पिळली की निघते. कडी नसली की पक्ष्याला तरंगतच प्यावं लागतं, आणि दोन घोटांच्या मधे तो हवेतच थोडा मागे सरकतो. तेवढाच क्षण आपला. तीन फुलं टेपने बंद केली, म्हणजे तो कुठे येणार ते ठरलेलं, आणि फोकस आधीच तिथे लावून ठेवता येतो. माझ्या जुन्या कॅमेऱ्यात इलेक्ट्रॉनिक शटरने पंख वाकडे येतात, म्हणून मेकॅनिकलच. ज्यांना हा आपल्याकडचा शिंजीर वाटतो त्यांच्यासाठी: हमिंगबर्ड फक्त अमेरिका खंडांतच सापडतात.

गेल्या महिन्यात निम्म्या किमतीचा थाळीवाला फीडर आणला. त्यात पाक भोकांच्या खाली असतो, वर कोंडलेली हवा नाही, म्हणून भर उन्हातही थेंब पडत नाही. एका नराने तो लगेच बळकावला. लिंबाच्या झाडावर बसून राहतो आणि कुणी आलं की हाकलतो. म्हणून बाटली घराच्या पलीकडे, त्याच्या नजरेआड टांगली. सावलीतच. तिथे माद्या निवांत पितात; त्यांचे फोटो मी काढत नाही.

घ्यायचा तर थाळीवालाच घ्या. फक्त त्याची कडी निघते का ते आधी बघा. माझ्याची निघत नाही, करवतीने कापावी लागली.