नव्या टीसीएमचे 52,500 रुपये दिले, गाडीत पार्ट जुनाच होता

तुमची गाडी एएमटी (क्लचचं पेडल नसलेली, गिअर आपोआप टाकणारी) किंवा ऑटोमॅटिक असेल आणि गॅरेजवाल्याने ‘टीसीएम गेलाय’, म्हणजे गिअर सांभाळणारा छोटा कॉम्प्युटर गेलाय, असं सांगितलं असेल, तर पैसे देण्याआधी माझ्याबरोबर काय झालं ते वाचा. माझे 52,500 रुपये गेले आहेत आणि ते मी अजून मागते आहे.

जुलैतला शनिवार होता. आईला घेऊन पुण्याहून साताऱ्याला निघाले होते. खंबाटकीच्या चढाला लागलो तेव्हा पाऊस असा की पुढचं काही दिसेना. वायपर जोरात, हेडलाइट चालू, काचेवरची वाफ जायला एसी चालू. मधल्याच एका वळणावर गाडी आपोआप न्यूट्रलला आली. मीटरवर गिअरचा आकडा जाऊन दिवा लुकलुकायला लागला. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की इंजिन ओरडायचं, पण गाडी ओढेना. मागे मालाचा ट्रक होता. हँडब्रेक ओढला, पार्किंग लाइट लावले, आणि आईचा हात माझ्या दंडावर घट्ट आवळलेला होता तो अजून आठवतो.

एक गोष्ट त्या वेळीच लक्षात आली होती. एएमटीत गिअरबॉक्स साधाच असतो. क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम माझ्या गाडीत हायड्रॉलिक पंप करतो आणि त्याला हुकूम देतो तो टीसीएम. माझ्या गाडीत रोज ड्रायव्हरचं दार उघडलं की बोनेटखालून ‘घुर्र’ असा आवाज येतो, पंप प्रेशर भरून घेतो त्याचा. त्या दिवशी दार उघडलं आणि आवाजच नाही. वीसेक मिनिटांनी पुन्हा उघडलं तर आला, गाडी सुरू झाली आणि आम्ही हळूहळू साताऱ्याला पोचलो.

सोमवारी पुण्यातल्या एका गॅरेजला दाखवली. स्कॅनर लावला, पाच मिनिटांत निकाल. ‘मॅडम, टीसीएम उडालाय. हा कोड बघा, यू 0101. कंपनीत गेलात तर सत्तरच्या खाली सोडणार नाहीत, मी 52 हजार 500 मध्ये नवा टाकून देतो.’ मग टॉर्च मारून त्याने तो पार्ट दाखवला. भावाला पाठवायला म्हणून मी दोन फोटो काढले, एक स्कॅनरच्या स्क्रीनचा आणि एक त्या टीसीएमच्या स्टिकरचा. हेच दोन फोटो पुढे माझ्या कामी आले.

‘संध्याकाळपर्यंत वीस टाका, म्हणजे पार्ट बुक होतो, नाहीतर तीन आठवडे थांबावं लागेल,’ असंही वर. आईच्या तपासणीसाठी दर पंधरवड्याला साताऱ्याला जावं लागतं. तो घाट डोळ्यांसमोरून जात नव्हता. मी टाकले.

चार दिवसांनी गाडी मिळाली. नव्या पार्टचा रिकामा बॉक्स दाखवला. जुना पार्ट मागितला तर म्हणाला, ‘तो एक्स्चेंजमध्ये कंपनीला परत जातो.’ बिल म्हणून हातात आला तो ‘एस्टिमेट’ लिहिलेला कागद. त्यावर जीएसटी नंबर नाही, पार्टचा नंबर नाही. यूपीआयने पैसे गेले तेही दुकानाच्या नावावर नव्हे, एका माणसाच्या खात्यावर. पक्क्या बिलाचं विचारलं तेव्हा ‘पक्कं घेतलं तर टॅक्स वर लागेल मॅडम’ म्हणाला.

तेवीस दिवस गाडी उत्तम चालली. चोविसाव्या दिवशी साताऱ्यात पोवई नाक्यावर, पुन्हा धो धो पावसात, तेच. न्यूट्रल, लुकलुकणारा दिवा, आवाज गायब. दोन पोरांनी ढकलून गाडी कडेला घेतली आणि त्यांनीच जवळच्या एका वयस्कर वायरमनकडे नेलं. सगळे त्यांना चाचा म्हणतात.

चाचांनी आधी स्कॅनर लावलाच नाही. ‘ताई, कधी बंद पडते? पाऊस असला की?’ मी हो म्हटलं. ‘लाइट, वायपर, एसी सगळं चालू असतं?’ हो. मग त्यांनी व्होल्ट आणि ओहम मोजायचा हातातला मीटर बाहेर काढला. बॅटरी काढून ठेवून स्कॅनर लावायच्या सॉकेटच्या 6 आणि 14 नंबरच्या पिनांवर मीटर धरला, 60 ओहम आले. ‘लाइन शाबूत आहे,’ म्हणाले. गाडीतले कंट्रोल युनिट ज्या दोन वायरींवरून एकमेकांशी बोलतात, त्यांच्या दोन टोकांना 120-120 ओहमचे रेझिस्टर असतात, दोन्ही मिळून 60 दिसायला हवेत. मग बॅटरी जोडून, सगळे लोड चालू करून, मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरी गिअरबॉक्सच्या बॉडीला. तिथे फार तर 0.2 व्होल्ट दिसावेत. दिसले 1.6.

अर्थिंगची पट्टी, म्हणजे बॅटरीचं निगेटिव्ह गाडीच्या बॉडीला जोडणारी जाड वायर, त्यांनी पान्याने सोडवली. तिच्या टोकाच्या धातूच्या कडीखाली, थिंबलखाली, हिरवट-पांढरी भुकटी जमलेली होती आणि तारांचे निम्मे धागे गळून पडलेले. लोड वाढला की टीसीएमला पुरेसा व्होल्टेज मिळत नव्हता आणि तो मध्येच बंद पडत होता. बस, एवढाच बिघाड.

मी त्यांना जुना फोटो दाखवला. चष्मा वर करून त्यांनी स्क्रीनचा फोटो मोठा केला आणि दुसऱ्या ओळीवर बोट ठेवलं. तिथे पी 0562 होता, म्हणजे व्होल्टेज कमी. गॅरेजवाल्याने मला फक्त पहिली ओळ वाचून दाखवली होती. यू 0101 चा अर्थ ‘टीसीएमशी संपर्क तुटला’ एवढाच आहे, टीसीएम जळाला असा नव्हे. करंट नाही, अर्थिंग नाही, फ्यूज गेला, कपलर (वायरी जोडायचा प्लग) सैल झाला, वायर तुटली, यातल्या कशानेही तो कोड येतो. आधी हे सगळं तपासायचं, आणि त्यातून काही सापडलं नाही तरच पार्टकडे बोट दाखवायचं.

मग टीसीएम. चाचा म्हणाले, ‘ह्याच्या बोल्टवरचा कंपनीचा पिवळा रंग मोडलेला नाही बघा. हा पार्ट कुणी खोललाच नाही.’ मी फोटोतल्या स्टिकरशी ताडून पाहिलं. पार्ट नंबर सारखा असणारच, पण त्याखालचा सीरियल नंबर प्रत्येक नगाचा वेगळा असतो. एक-एक आकडा बोट ठेवून वाचला. सगळे तेच. पाय गळल्यासारखे झाले.

मग तेवीस दिवस गाडी चालली कशी? बॅटरीचे टर्मिनल काढून लावले, कपलर ओढून बसवले, कोड पुसले, तर घासलेल्या जागी थोडे दिवस संपर्क नीट बसतो. त्यामुळे गिऱ्हाइकाला वाटतं, काम झालं. शिवाय नवा टीसीएम बसवला की तो त्या गाडीच्या चेसिस नंबराशी स्कॅनरने जोडावा लागतो, क्लच कुठे पकडतो तेही त्याला स्कॅनरने शिकवावं लागतं. याचा एक ओळीचाही रिपोर्ट मला मिळाला नव्हता आणि मी मागितलाही नव्हता.

चाचांनी नवी पट्टी, थिंबल आणि मजुरीचे मिळून 850 रुपये घेतले, हाताने लिहून पावती दिली आणि जुनी पट्टी पिशवीत घालून माझ्या हातात दिली.

गॅरेजवाला आधी म्हणाला, ‘स्टिकर सगळ्यांचे सारखेच असतात.’ सीरियल नंबर दाखवल्यावर म्हणाला, ‘आमचं बिल दाखवा.’ पक्कं बिल का टाळलं होतं, ते तिथे उभी असताना मला समजलं.

म्हणून कळकळीने सांगते. पार्ट बदलायला होकार देण्याआधी स्कॅनरच्या पूर्ण स्क्रीनचा फोटो घ्या, सगळ्या ओळींचा. करंट आणि अर्थिंग तपासलं का ते विचारा आणि मीटरवरचे आकडे समोर बघा. जुन्या पार्टच्या सीरियल नंबरचा फोटो आणि नव्याचाही, बसवण्याआधी. जुना पार्ट परत मागा; एक्स्चेंजमध्ये जाणार असेल तर तसं बिलावर लिहून घ्या. बिलावर 15 अक्षरी जीएसटी नंबर हवा, महाराष्ट्रातला असेल तर 27 ने सुरू होणारा, आणि तो जीएसटीच्या पोर्टलवर लगेच तपासता येतो.

फसला असाल तर गप्प बसू नका. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवता येते. ग्राहक संरक्षण कायदा 2019 नुसार बिल न देणं ही स्वतःच अनुचित व्यापारी प्रथा आहे. आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते, घटनेपासून दोन वर्षांच्या आत. मोबदला, म्हणजे आपण दिलेली रक्कम, 5 लाखांपर्यंत असेल तर फी नाही आणि वकीलही सक्तीचा नाही. मी यूपीआयचा व्यवहार, ‘नवा टीसीएम 52,500’ असं त्याने लिहिलेला व्हॉट्सअ‍ॅप मेसेज, दोन्ही फोटो आणि चाचांची पावती जोडून तक्रार दाखल केली आहे. नोटीस गेल्यावर त्याचा फोन आला, ‘पंचवीस घ्या आणि मिटवा.’ मी नाही म्हटलं.

गाडी त्याच जुन्या टीसीएमवर चालते आहे. त्यानंतर चार वेळा खंबाटकी चढलो, त्यातले दोन वेळा भर पावसात. आई अजूनही त्या वळणावर माझा दंड धरते.