ट्रे फ्लिप-हार्डफ्लिपचा व्हिडिओ कोर्स: पाय मस्त शिकवलेत, खांदे विसरलेत

किकफ्लिप (पुढच्या पायाच्या झटक्याने, म्हणजे फ्लिकने, बोर्ड हवेत लांबीच्या रेषेभोवती उलटवणं) बऱ्यापैकी बसतोय पण त्याच्या पुढे काही होत नाही अशांसाठी असलेला स्केटबोर्डिंगचा एक ऑनलाइन कोर्स घेतला होता, नुसता बघितला नाही तर फोन समोर ठेवून एकेक ट्रिक करत गेलो. ऑली (बोर्डसकट हवेत उडी) यात शिकवतच नाहीत, चालत्या बोर्डवर नीट ऑली येत नसेल तर आत्ताच घेऊ नका.

सगळ्यात भारी धडा ट्रे फ्लिपचा, म्हणजे किकफ्लिपसोबत बोर्डची आडवी पूर्ण 360 अंशांची फेरी. इतर व्हिडिओत सगळे म्हणतात मागचा पाय जोरात ओढा, पण पाय ठेवायचा कुठे ते सांगतच नाहीत. इथे कॅमेरा बरोब्बर वरून लावलाय. मागच्या पायाचा चवडा टेलच्या (बोर्डच्या मागच्या टोकाच्या) बोटांकडच्या कोपऱ्यात, बोटं कडेवरून थोडी बाहेर, आणि पुढचा पाय पुढच्या बोल्टच्या (चाकांचा सांगाडा फळीला जोडणाऱ्या) बऱ्यापैकी मागे, जवळपास बोर्डच्या मधे, तिरका. मग टेल खाली आपटण्यापेक्षा मागे ओढून घ्यायची, बोर्ड फिरवायचं आणि उलटवायचं बरंचसं काम ती ओढ, म्हणजे स्कूपच करतो, पुढच्या पायाने फक्त हलका फ्लिक. हे स्लो मोशनमधे बघितल्यावर एकदम डोक्यात शिरलं, आधी मी पुढच्या पायानेच सगळा जोर लावायचो.

हीलफ्लिप, व्हेरियल वगैरे बाकीच्या ट्रिक्स ठीकठाक, त्यात फार नवीन नाही.

हार्डफ्लिपला मात्र कोर्सची गोची होते. टेल छाती ज्या बाजूला असते तिकडे ढकलायची, वर किकफ्लिप, आणि बोर्ड उभा होऊन दोन पायांमधून जातो, म्हणजे पुढचा पाय वेळेत बाजूला व्हायलाच हवा. तो होणार की नाही हे कंबर आणि खांद्यांवर ठरतं. आणि फ्रेम कुठे कापलीये? कंबरेखाली! सगळ्या धड्यात हेच, खांदे एकदाही दिसत नाहीत. ट्रे फ्लिपला पण खांदे बोर्डला समांतर राहिले नाहीत, पुढचा खांदा उघडला, की कंबर फिरते आणि बोर्ड पूर्ण फिरूनही तुम्ही एका पायावरच उतरता, असं होणाऱ्याला वाटतं पायच चुकतोय आणि तो बिचारा पाय इंच इंच सरकवत बसतो.

अजून एक, बोर्डची रुंदी कुठेच सांगितली नाहीये. रॉडनी मलन या स्केटबोर्डरने 80 च्या दशकात यातल्या बऱ्याच फ्लिप ट्रिक्स काढल्या त्या अरुंद फ्रीस्टाइल (सपाट जमिनीवरच्या ट्रिक्सच्या) बोर्डवर, आता बहुतेक जण 8 इंच किंवा त्याहून रुंद डेक (बोर्डची फळी) वापरतात, मग बोटं कडेबाहेर किती काढायची हा हिशोब प्रत्येकाचा वेगळा होणारच ना. गूफी वाल्यांसाठी (उजवा पाय पुढे ठेवणाऱ्यांसाठी) मिरर बटणही नाही, मी व्हिडिओ उलटा करून बघत होतो, वैताग.

लँडिंगचा धडा छोटा आहे पण चुकवू नका, दोन्ही पाय बोल्टवर का आणायचे आणि डेकच्या मधोमध उतरलं की तो का मोडतो ते नीट दाखवलंय. शूज स्वेडचेच घ्या, फ्लिकची प्रॅक्टिस चालू झाली की कॅनव्हास लवकर फाटतो.

पाच पैकी साडेतीन. आपली क्लिप पाठवली तर कोर्सवाले उत्तर देतात, फक्त पाठवताना डोक्यापासून चाकांपर्यंत सगळं दिसेल असं शूट करा आणि खांद्यांबद्दल थेट विचारा, मी विचारल्यावर चांगलं सविस्तर सांगितलं, न विचारता पायांपलीकडे जात नाहीत.