परदेशी माध्यमे : नोंदणी की बंदी?

परदेशी सरकारच्या पैशावर चालणाऱ्या ऑनलाइन माध्यमांना आवर घालण्याचे दोन मार्ग अलीकडे ठळकपणे दिसले. अमेरिकेने १९३८ च्या कायद्याखाली २०१७ मध्ये रशियाच्या सरकारी ‘आरटी’ वाहिनीसाठी काम करणाऱ्या तिथल्या कंपनीला परदेशी हस्तक म्हणून नोंदणी करायला लावली, युरोपीय संघाने युक्रेनवरील आक्रमणानंतर मार्च २०२२ मध्ये ‘आरटी’ आणि रशियाचीच सरकारी वृत्तसंस्था ‘स्पुटनिक’ यांच्या प्रसारणावर थेट बंदी घातली.

नोंदणीत मजकूर वाचकापर्यंत पोहोचतो आणि त्यामागचा पैसा उघड होतो. अर्थात ती कागदपत्रे उघडून पाहणारे किती, हा प्रश्न उरतोच. बंदीची खरी गोम अंमलबजावणीत आहे. वाचकाने संकेतस्थळाचे नाव टाकले की त्याचा फोन आधी डीएनएसला, म्हणजे इंटरनेटच्या पत्त्यांच्या वहीला, त्या संकेतस्थळाचा आकडी पत्ता विचारतो, आणि इंटरनेट पुरवणारी कंपनी तिथेच चुकीचे उत्तर देते किंवा गप्प बसते. म्हणजे अडवण्यासाठी कोण काय मागतो हे पाहावेच लागते, आणि त्याची नोंद सरकारने मागून घेतली की बंदीची यंत्रणाच पाळतीची होते. व्हीपीएनवाला, म्हणजे दुसरीकडच्या सर्व्हरमार्फत आडवाटेने इंटरनेट वापरणारा, तर एवढे करूनही निसटतोच.

युद्धकाळातली मुदतीची बंदी मी समजू शकतो. एरवी मात्र नोंदणीच, तीही प्रत्येक बातमीच्या माथ्यावर दिसेल अशी, मला अधिक पटते.