वॉर डायरी की रेजिमेंटचा इतिहास? कोहिमात लढलेल्या वेस्ट केंट बटालियनसाठी काय मागवावं

१९४४ मध्ये जपान्यांनी नागा डोंगरातल्या कोहिमाला घातलेल्या वेढ्यातली ४थी रॉयल वेस्ट केंट ही ब्रिटिश बटालियन वाचकांना माहीत असते. तिचं अख्खं महायुद्ध समजून घ्यायचं म्हटलं की दोन वाटा समोर येतात. एक म्हणजे बटालियनची वॉर डायरी, म्हणजे पलटणीने युद्धात दिवसागणिक ठेवलेली अधिकृत नोंदवही, जी लंडनच्या क्यू भागातल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहे. दुसरी म्हणजे युद्धानंतर रेजिमेंटने छापून घेतलेला इतिहास. मी आधी इतिहास घेतला आणि वर्षभराने डायरीची पानं मागवली. दोन्हींवर पैसे घालून झालेत, म्हणून लिहितोय.

इतिहासाची बाजू आधी सांगतो, कारण ती खरोखर भक्कम आहे. ही मूळची केंट परगण्यातली टेरिटोरियल, म्हणजे अर्धवेळ स्वयंसेवकांची बटालियन. १९४० मध्ये फ्रान्समधून डंकर्कमार्गे माघार, सप्टेंबर १९४२ मध्ये इजिप्तमधल्या अलम हाल्फाला न्यूझीलंड डिव्हिजनच्या हाताखाली एका रात्रीत सोसलेली जबर हानी, मग इराक, हिंदुस्थान, आराकान आणि शेवटी कोहिमा. हे सगळं एका धाग्यात ओवून देणं डायरीला जमत नाही. तो धागा इतिहासच देतो. ही बटालियन ज्या १६१व्या ब्रिगेडमध्ये होती तिच्यातल्या बाकीच्या पलटणी, म्हणजे १/१ पंजाब आणि ४/७ राजपूत, कुठे होत्या, जवळच्या जोत्सोमाहून डागल्या जाणाऱ्या पहाडी तोफांवर गॅरिसन हिल या कोहिमातल्या वेढलेल्या टेकडीवरच्या लोकांचा जीव कसा टांगलेला होता, हे नकाशासकट कळतं. लान्स कॉर्पोरल जॉन हार्मनसारखा शिपाई, ज्याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, तो इतिहासात हाडामांसाचा माणूस म्हणून भेटतो.

डायरीत तसं नाही. तिथे अधिकाऱ्यांची नावं येतात. साधा शिपाई बहुतेक वेळा ‘ओ.आर.’ (अदर रँक्स, म्हणजे अधिकारी नसलेले) या दोन अक्षरांत आणि एका आकड्यात संपतो. शिवाय ती एका जागी नाही. फ्रान्सचे दिवस डब्ल्यूओ १६७ (डब्ल्यूओ म्हणजे वॉर ऑफिस, ब्रिटिश युद्ध खातं; पुढचा आकडा दप्तराच्या मालिकेचा) मध्ये, इजिप्तचे डब्ल्यूओ १६९ मध्ये, कोहिमाचे डब्ल्यूओ १७२ मध्ये. फायली वेगळ्या, मागवण्याचा खर्चही वेगळा. टंकलेखन फिकट झालेलं, जागांच्या नावांऐवजी सहा आकडी ग्रिड रेफरन्स, म्हणजे नकाशावरच्या चौकटींचे आकडे. त्या काळचा नकाशा शेजारी नसेल तर पहिला आठवडा नुसता चाचपडण्यात जातो. माझा तरी गेला.

एवढं असूनही माझं पारडं डायरीकडे झुकलं. त्याला कारण एकच, आणि ते कदाचित तुम्हाला किरकोळ वाटेल: तारखा.

कोहिमाच्या युद्ध दफनभूमीत १,४२० कबरी आहेत, आणि दहन झालेल्या ९१७ हिंदू आणि शीख सैनिकांचं स्मारक आहे. ज्याच्यावरच लढाई झाली त्या डेप्युटी कमिशनरच्या बंगल्याच्या टेनिस कोर्टाच्या रेषा पांढऱ्या रंगात अजून जपून ठेवल्यात. तिथल्या पायऱ्यापायऱ्यांच्या उतारावर वेस्ट केंटच्या कबरी शोधत मी एक दुपार फिरलो आणि प्रत्येक पाटीवरची मृत्यूची तारीख वहीत उतरवून घेतली. नुसत्या तारखा, खाली ‘एप्रिल १९४४’. मला एवढंच हवं होतं, की त्या दिवशी बटालियन टेकडीच्या कोणत्या भागात होती.

घरी आल्यावर इतिहास उघडला. वर्णन उत्तम, भाषा धावती, पण तारीख अशी नाहीच. ‘दुसऱ्या दिवशी पहाटे’, ‘त्या रात्री’, ‘दोन दिवसांनी’. मग चार पानं मागे जा, शेवटची छापील तारीख शोधा, तिथून बोटं मोजत पुढे या. मध्ये लेखक दुसऱ्या कंपनीची हकिगत सांगायला वळलेला असला की मोजणी चुकलीच. डीआयएस टेकडीच्या (वेढ्यातल्या एका टेकडीचं लष्करी नाव) बाबतीत माझं उत्तर तीन वेळा तीन निघालं. कुणी शेवटचा श्वास घेतला तो दिवस आपल्या हिशेबात एका दिवसाने सरकतो, हे मला सहन होईना.

डायरीचा फॉर्म, लष्करी नमुना सी. २११८, अगदी साधा आहे. जागा, तारीख, वेळ, घडामोडी. डावीकडच्या रकान्यात बोट ठेवलं की काम झालं. वहीतली तारीख आणि पानावरची तारीख शेजारीशेजारी आली तेव्हा मी बराच वेळ तसाच बसून राहिलो.

अर्थात वेढ्याच्या दिवसांत कुणाला रोज निवांत बसून नोंदी करता आल्या असतील, अशी अपेक्षा धरू नका. सुमारे साडेचारशे माणसं, पाण्याचा तुटवडा, माथ्यावर उखळी तोफांचा मारा. अशा वेळच्या नोंदी बऱ्याचदा मागाहून पुऱ्या केल्या जातात, तेव्हा मिनिटांवर फार विसंबू नये. दिवसावर मात्र मी विसंबतो.

आणखी एक. लढाया नसलेल्या महिन्यांना इतिहास चार ओळींत उरकतो. डायरी उरकत नाही. कूच, प्रशिक्षण, तळ हलवला, रजेवरून परतले. आपल्या माणसाचं पत्र जपून ठेवलेल्या घराला याच ओळी लागतात.

तुमच्याकडे तारीख नसेल, फक्त कोहिमाची गोष्ट समजून घ्यायची असेल, तर निःसंकोच इतिहास घ्या, मनापासून सांगतो. हातात एक तारीख असेल तर मात्र डायरीच. हे आपल्याकडच्या घरांनाही लागू आहे. कोहिमाच्या आधी, मार्च १९४४ मध्ये, संगशाकला ५०व्या पॅराशूट ब्रिगेडबरोबर ४/५ मराठा लाइट इन्फन्ट्री लढली आणि जपान्यांचे मोलाचे दिवस तिथे खर्ची पडले. घरी पेटीत पदक असेल, आजोबा त्या पलटणीत होते हे ठाऊक असेल आणि एखादी तारीख हाती असेल, तर चौकशीची सुरुवात डब्ल्यूओ १७२ पासूनच करा, आणि मागणी नोंदवताना पलटणीच्या नावासोबत महिना आणि साल जरूर लिहा.