फक्त पायांच्या तंत्रांचा ज्युदो वर्ग : पैसे मोजावेत का?

ज्युदोच्या नियमित वर्गात पायाची तंत्रे बहुधा वॉर्मअपला जोडून उरकली जातात आणि उरलेला सारा वेळ सेओई-नागे किंवा ओ-गोशीसारख्या दिसायला भारदस्त फेकींना दिला जातो. पुण्यातील एका खासगी केंद्राने केवळ आशी-वाझासाठी, म्हणजे पायांच्या तंत्रांसाठी, शनिवार-रविवारचा स्वतंत्र वर्ग सुरू केला आहे. नियमित शुल्क भरल्यावर यासाठी पुन्हा वेगळे पैसे मोजावेत का, असे तेथे येणाऱ्या अनेकांनी विचारले, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. माझे उत्तर होकारार्थी आहे, पण सरसकट सर्वांसाठी नाही.

सुरुवात दे-आशी-हराईने होते. कोदोकान या ज्युदोच्या जपानमधील मूळ संस्थेच्या ‘गोक्यो’ या 40 फेकींच्या क्रमात हे तंत्र अगदी पहिले असल्यामुळे ते सोपे असावे असा समज होतो, परंतु चांगल्या चांगल्या खेळाडूंना ते वर्षानुवर्षे साधत नाही. जोडीदाराने पुढे टाकलेल्या पावलावर भार येऊ लागलेला असतो, पण पुरता आलेला नसतो, नेमक्या त्या वेळी स्वीप, म्हणजे पायाने पाय झाडणे, बसावा लागतो. घाई केली तर जोडीदार हवेतला पाय सहज दुसरीकडे ठेवतो, आणि उशीर झाला तर रोवलेल्या घोट्यावर आपली बोटे आदळून दोघेही लंगडत बाजूला होतात. ही वेळ डोळ्यांनी पकडायला गेले की हमखास उशीर होतो. ती पकडीतून हातांना कळावी यासाठी येथील सर बाही आणि कॉलर धरून, डोळे मिटून, नुसते चालण्याचा सराव करून घेतात. सुरुवातीला हा प्रकार कंटाळवाणा वाटतो, पण त्यामागचा विचार पक्का आहे. दृष्टिबाधित खेळाडूंच्या ज्युदोत लढत दोघांनी पकड घेतल्यावरच सुरू होते, आणि 2024 च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये कपिल परमारने त्याच प्रकारात भारतासाठी कांस्यपदक मिळवले, हे येथे आठवल्यावाचून राहत नाही.

पायाच्या ठेवणीवरही तितकीच मेहनत घेतली जाते. करंगळीची कड मॅटला घासत जावी आणि तळवा जोडीदाराच्या घोट्याखाली सपाट लागावा, यासाठी सर स्वतः खाली बसून प्रत्येकाचा पाय हाताने वळवून दाखवतात. हाताबाबत त्यांची सूचना एकच असते : ‘बाही खिशात घाल.’ बाहीचा हात कमरेकडे खाली खेचला गेला नाही, तर अचूक लागलेला स्वीपही जोडीदाराला जेमतेम अडखळवतो, हे त्या एका वाक्याने जितके लवकर उमगते तितके लांबलचक व्याख्यानाने उमगले नसते.

या वर्गाचे खरे मोल तंत्रांची जोडणी शिकवण्याच्या पद्धतीत आहे. बहुतेक ठिकाणी ‘आधी हे, मग ते’ अशा ठरावीक जोड्या पाठ करून घेतात. त्यामुळे पहिला हल्ला नावापुरता होतो, जोडीदार त्याला भीक घालत नाही आणि दुसऱ्या हल्ल्याला जागाच उरत नाही. येथे पहिला हल्ला फेकण्याच्याच इराद्याने करावा लागतो आणि पुढे काय करायचे हे जोडीदाराच्या प्रतिसादावर सोडले जाते. सासाए-त्सुरिकोमी-आशीने पाय अडवून पुढच्या कोपऱ्याकडे खेचले असता जोडीदार वाचण्यासाठी मागे रेलला, तर त्याच पायावर ओसोतो-गारी, म्हणजे बाहेरून पाय अडकवून मागे पाडणे. ओउची-गारीतून, म्हणजे आतून पाय अडकवण्याच्या हल्ल्यातून, त्याने पाय मागे काढून घेतला आणि भार दुसऱ्या पायावर गेला, तर त्या पायाला कोउची-गारी, म्हणजे आतून टाच झाडणे. कोउची-गारीतून पाय सोडवताना तो पुढे झुकला, तर ताई-ओतोशी, म्हणजे पाय आडवा ठेवून हातांनी पुढे पाडणे. कोणता प्रतिसाद द्यायचा हे उके (ज्याच्यावर तंत्र केले जाते तो) आयत्या वेळी ठरवतो आणि तोरीला (तंत्र करणाऱ्याला) ते आधी सांगितले जात नाही. एवढ्याशा बदलाने कवायत जिवंत होते. दे-आशी-हराई शिकवलेल्या दिवशीच त्सुबामे-गाएशीही शिकवली जाते, म्हणजे समोरून आलेल्या स्वीपवरून पाय अलगद काढून तोच पाय उलट मारणे, त्यामुळे आळशी स्वीपची किंमत लगेच कळते.

वर्गात तालमीतून आलेली काही मुले आहेत. त्यांना बाहेरली टांग ठाऊक असल्याने ओसोतो-गारी चटकन जमते, मात्र पट काढण्याची, म्हणजे हाताने पाय धरून पाडण्याची, सवय नडते. उभ्या लढतीत हाताने पाय धरण्यावर आंतरराष्ट्रीय नियमांनी 2010 मध्ये बंधने आणली आणि 2013 मध्ये ते पूर्णपणे बंद केले. अशा मुलांसाठी हा वर्ग मला विशेष उपयोगाचा वाटतो, कारण पायावर जाण्याची त्यांची ओढ येथे पायानेच भागवली जाते.

आता उणिवा. हॉलमध्ये स्पर्धेच्या घट्ट तातामीऐवजी (ज्युदोच्या गाद्यांऐवजी) फोमच्या पझल मॅट आहेत. पाय त्यांत किंचित रुततो, घसरण मंदावते, आणि सांधे सुटले की त्यांत करंगळी अडकते. दर वेळी चिकटपट्टी लावली जाते आणि ओकुरी-आशी-हराईचा (दोन्ही पाय एकत्र झाडण्याच्या तंत्राचा) बाजूने चालण्याचा सराव सुरू झाला की ती उखडते. पायांच्या तंत्रांसाठी वेगळे शुल्क घेणाऱ्या केंद्राने सर्वांत आधी मॅटवर खर्च करायला हवा होता. रँडोरी, म्हणजे सरावाची मोकळी लढतही, फार थोडी होते. कवायतीत बसलेली वेळ मोकळ्या लढतीत टिकते का, हे पाहण्याआधीच सत्र संपते.

गंभीर आक्षेप प्रवेशाबद्दल आहे. ओकुरी-आशी-हराई नीट बसली की दोन्ही पाय एकदम मॅट सोडतात आणि माणूस आडवाच्या आडवा कुशीवर आपटतो. योको-उकेमी, म्हणजे कुशीवर सुरक्षित पडणे, अंगवळणी न पडलेले नवखेही या वर्गात घेतले जातात आणि पडण्याच्या भीतीने ते ताठरून चालतात, त्यामुळे त्यांचे नुकसान होतेच, पण जोडीदारालाही खरी वेळ सापडत नाही. किमान पिवळा पट्टा मिळाल्यावर, नियमित वर्ग चालू ठेवूनच, येथे नाव नोंदवावे. आणि शक्य असल्यास रविवारची तुकडी घ्यावी, कारण तिच्यात मुले कमी असतात आणि आपल्या वजनाचा जोडीदार मिळण्याची शक्यता अधिक असते.