जिरो, टूर आणि वुएल्टा: यवतमाळच्या गावातून पाच महिने

९ मे २०२५ ला अल्बानियातून जिरो द'इटालिया ही इटलीची सायकल शर्यत सुरू झाली आणि १४ सप्टेंबरला माद्रिदमध्ये स्पेनची वुएल्टा संपली. मधे जुलैत टूर द फ्रान्स. तीन आठवडे चालणाऱ्या या तिन्ही सायकल शर्यती मी यंदा पहिल्या टप्प्यापासून शेवटपर्यंत, जवळपास अख्ख्या पाहिल्या. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावातून, साध्या मोबाइलवर, शेतीची कामं सांभाळून. याआधी फक्त दहा-दहा मिनिटांचे सारांश पाहायचो. "एवढं लांबलचक पाहणं जमतं का?" असं विचारणारे बरेच भेटतात, म्हणून सविस्तर लिहितो.

वेळ आपल्या सोयीची आहे. उन्हाळ्यात युरोपातलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतं, त्यामुळे बहुतेक टप्पे आपल्या रात्री साडेआठ-नऊच्या सुमारास संपतात. शेतातून आलं, हातपाय धुतले, बैलांना चारा टाकला की शेवटचे पन्नास-साठ किलोमीटर हाती लागतात. सपाट टप्प्याला तेवढं पुरेही होतं. डोंगरातला टप्पा मात्र जमेल तितक्या लवकर लावा, कारण त्याचा निकाल पुष्कळदा आधीच्या चढावर घडत असतो.

मला खरी गोडी लागली ती ३१ मेच्या रात्री, जिरोच्या विसाव्या टप्प्याला. उकाड्यामुळे अंगणात बाजा टाकल्या होत्या आणि फोन पाण्याच्या गुंडाला टेकवून ठेवला होता. गुलाबी जर्सी, म्हणजे एकूण वेळेत सगळ्यांत पुढे असणाऱ्याची, मेक्सिकोच्या इसाक देल तोरोकडे, दुसरा इक्वेडोरचा रिचर्ड कारापाझ, तिसरा सायमन येट्स, १ मिनिट २१ सेकंदांनी मागे. कोल्ले देल्ले फिनेस्त्रे हा साडेअठरा किलोमीटरचा घाट, वरचे आठेक किलोमीटर डांबरच नाही, खडीमातीचा रस्ता. येट्स तिथे निसटला. मागे देल तोरो आणि कारापाझ एकमेकांकडे पाहत राहिले. पाठलागाची मेहनत आपण करायची आणि फायदा दुसऱ्याने घ्यायचा, हे दोघांनाही नको होतं. तोवर बाबा बाजेवर उठून बसले होते. म्हणाले, "हे दोघं एकमेकाले पाहूनच राह्यले अन् तो गेला ना बे!" दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ. घाटमाथ्यापलीकडे येट्सचा सहकारी वाउट फान आर्ट होता. तो सकाळपासूनच पुढच्या गटात जाऊन बसलेला होता. उतारानंतरच्या दरीत त्याने येट्सला आपल्या मागे घेऊन जीव तोडून ओढलं. येट्सने जिरो ३ मिनिटं ५६ सेकंदांनी जिंकली.

आणि हाच घाट, हाच येट्स. २०१८ मध्ये गुलाबी जर्सी त्याच्याच अंगावर होती, तेव्हा याच फिनेस्त्रेवर तो पार कोसळला आणि त्या दिवशी ३८ मिनिटांहून जास्त गमावून बसला. क्रिस फ्रूम ८० किलोमीटर एकटा पुढे जाऊन शर्यत घेऊन गेला होता. हे मला माहीत होतं, म्हणून येट्स शेवटी रडला तेव्हा माझेही डोळे भरून आले. वीस दिवस सोबत राहिलो नसतो तर हे कळलं नसतं. सारांशात फक्त कोण जिंकलं ते कळतं.

घरी समजावताना मला दोन गोष्टींचा उपयोग झाला. एक म्हणजे वारी. शेजारचे काका शेगावच्या पालखीसोबत पायी गेलेले आहेत. रोज ठरलेलं अंतर, रोज नवा मुक्काम, पायाला फोड आले तरी उद्या पुन्हा चालायचं, हे त्यांना सांगावं लागत नाही. एकवीस टप्पे, मधे विश्रांतीचे दोन-तीन दिवस आणि सगळ्या दिवसांच्या वेळेची बेरीज, हे त्यांना एका वाक्यात समजलं. आमच्याकडचा शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत, काही सेकंदांत संपतो, त्यामुळे तो दाखला चालत नाही.

दुसरी गोष्ट सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेला शेतगडी. संघात आठ जण असतात, पण जिंकायचं असतं बहुधा एकाला. बाकीचे वारा अंगावर घेतात, गाडीकडे मागे जाऊन जर्सीत पाण्याच्या बाटल्या कोंबून पुढे आणतात, म्होरक्याचं चाक पंक्चर झालं तर आपलं काढून देतात. फ्रेंचमध्ये त्यांना डोमेस्टिक म्हणतात, म्हणजे घरगडी. पुढच्याच्या मागे चिकटून चालवलं की मेहनत तीस टक्क्यांच्या आसपास वाचते, सगळा खेळ त्यावर उभा आहे. बाबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे सालदार व्हय. मंग त्याचं नाव कायले येत नाही?" तेव्हापासून मी वहीत रोज एका अशा स्वाराचं नाव लिहीत गेलो. शर्यत समजून घेण्याचा याहून चांगला मार्ग मला सापडलेला नाही.

टूर आषाढीच्या आदल्या दिवशी, ५ जुलैला लीलहून निघाली. डवरणीचे दिवस होते, तरी तिच्यातले फार कमी टप्पे सुटले. सगळ्यांत लक्षात राहिला तो तुलूझचा अकरावा टप्पा. तादेय पोगाचार शेवटच्या पाचेक किलोमीटरमध्ये पडला. पुढच्या गटात त्याचा मोठा प्रतिस्पर्धी योनास विंगेगार्ड होता, पण त्या गटाने वेग कमी केला आणि त्याला परत येऊ दिलं. दुसऱ्याच दिवशी ओताकामच्या चढावर पोगाचारने विंगेगार्डला २ मिनिटं १० सेकंदांनी मागे टाकलं आणि पुढे टूरही जिंकली. थांबणाऱ्यांचं चुकलं का, यावर आमच्या पानठेल्यावर दोन दिवस वाद चालला. माझं मत: बरोबरच केलं. पडलेल्याच्या अंगावरून पुढे जाऊन मिळवलेल्या दोन मिनिटांचा मान कोण राखील?

आता तक्रारी. ज्या अ‍ॅपची वर्गणी घेतली होती, तिथे ऐन चढावर चित्र गोल गोल फिरत थांबायचं. काही वेळा नेटचा दोष होता, पण शेजारच्या फोनवर दुसरं सगळं चालायचं तेव्हाही हे व्हायचं. जिरोनंतर न विचारता पुढचे पैसे कापले गेले, मेलला उत्तर नाही. वर्गणी घेताना आपोआप नूतनीकरणाची खूण आधी काढून टाका. मराठीत समालोचन मला कुठेच मिळालं नाही, इंग्रजीवर भागवलं. पावसाळ्यात लाइन गेली की टॉवरही जायचा. मग रेंज येईल तिथे, म्हणजे आमच्या गोठ्याच्या स्लॅबवर, छत्री धरून वेळेतला फरक वाचत बसायचो. चित्र ३६०पीवर ठेवलं तर रोजच्या दीड जीबीत टप्पा जवळपास अख्खा बसतो.

वुएल्टा २३ ऑगस्टला सुरू झाली, तान्ह्या पोळ्याच्या दिवशी. पोरं लाकडी बैल घेऊन दारोदार फिरत होती, म्हणून पहिला टप्पा उशिराच लावला. विंगेगार्ड जिंकला, पण पॅलेस्टाइनच्या समर्थनार्थ झालेल्या निदर्शनांमुळे माद्रिदचा शेवटचा टप्पा पूर्ण होऊ शकला नाही. तीन आठवडे थांबून शेवट न पाहणं मनाला लागलं.

सध्या वेचणी सुरू आहे. वही कपाटात ठेवली आहे, त्रेसष्ट टप्प्यांची. पुढची टूर ४ जुलै २०२६ ला बार्सिलोनातून निघणार. पेरणी तोवर आटोपली पाहिजे, असं बाबांनी आत्ताच सांगून ठेवलं आहे.